काट्यावरचा आकडा

मेडशी

प्रिय सपना,

जय भीम. उत्कर्षची सर्दी उतरली, हे काल तुझ्या आईंकडून कळलं. इकडे सोयाबीन निघालं, तुरीला फुलं आली. बाबा रोज विचारतात, "नातू कधी येऊन राह्यला?" मी वेळ मारून नेतो.

फोनवर तू कॅमेरा उत्कर्षकडेच धरतेस. तुझा नुसता हात दिसतो. परवा मी म्हटलं, तूही दिस ना जराशी, तर म्हणालीस, "मले पाह्यची कायले घाई? आधी बारीक होऊ दे." आणि फोन ठेवलास. समोरासमोर मला असलं बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

तू जाड झालीस, हे मला दिसतं. नाही म्हटलं तर तूच मला खोटारडा म्हणशील. पण त्यात मी काय पाहतो, हे तू कधी विचारलं नाहीस. मागच्या गरोदरपणात आरोग्य केंद्रात नर्सबाईंनी तुला दोनदा काट्यावर उभं केलं होतं. तुझं वजन वाढतच नव्हतं. पुढे जे झालं, त्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस, मी शेतात जाऊन बसायचो. म्हणून या वेळी तू काट्यावर उभी राहिलीस की मी नर्सबाईंच्या आधी आकडा वाचायचो. आकडा वाढला की तू लाजायचीस, आणि मी बाहेर जाऊन एकटाच पेढा खायचो. तुझे गाल भरले, बोटातली अंगठी निघेना, तेव्हा मला वाटायचं, लेकरू तग धरून आहे. बारशाला शेषराव थट्टेत म्हणाला, "वहिनी तं ओळखूच येत नाही." मी म्हटलं, "मले येते."

काल आईंनी सांगितलं, तू रात्रीचं जेवण सोडलंस. अंगावर पाजतेस आणि उपाशी निजतेस! त्यासाठीच हे पत्र. तुझे ब्लाउज मी धनीबाईंकडे नेले होते. शिवणीत कापड होतं, त्यांनी उसवून सैल करून दिले. गुरुवारच्या गाडीने घेऊन येतो. बारीक व्हायचंच असेल तर सावकाश हो, माझी ना नाही. पण गुरुवारी रात्री आपण एका ताटात जेवू.

तुझाच,
संघपाल