थोरल्याचं घर धाकट्याला

मी, खाली अंगठा उठवणारी, बसचालकांचे गणवेश शिवून दोन मुलगे वाढवलेली बाई, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र सांगत आहे. या घरात धाक घालणारं माणूस आजवर मीच होते. मला अक्षर येत नाही. लिहीत आहेत वकीलबाई. त्या मधूनमधून म्हणतात, "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणते, बसवा, थोडं सरकून घ्या.

१. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात हे तीन खोल्यांचं घर मी थोरल्याला दिलं होतं. घ्यायला तो राहिला नाही.

२. कसा राहिला नाही, तेही नोंदवावं. तो आणि धाकटा एकाच बस कंपनीत चालक. तिथे रोज सकाळी गाडी निघण्यापूर्वी टायरवर लोखंडी दांडा मारून बघतात, ब्रेक तपासतात. चालकाला मात्र सुपरवायझर लांबूनच विचारतो, "काय रे?" आणि त्याने "टकाटक" म्हणायचं. दुसरं काही म्हटलं तर बिनपगारी घरी. थोरला आठवडाभर तापात होता. सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणाला, "तापाने स्टेअरिंग वितळतं का तुझं?" त्या सकाळीही तो टकाटकच म्हणाला. दुपारी उताराच्या वळणावर त्याची शुद्ध हरपली आणि बस कठडा तोडून खाली गेली. तो गेला, मागे बसलेली एक नर्स गेली. चौकशीत मालकाने सांगितलं, आपण ठीक आहोत असं चालकानेच कळवलं होतं. माझ्या पोराचा शब्द त्यांनी तेवढा एकदाच खरा मानला.

३. 'सुरक्षित चालक' म्हणून थोरल्याला मिळालेली ढाल मालकाला परत करावी. पुसून द्यावी, आणि त्याच्याच हातात. शिपायाकडे ठेवून येऊ नये.

४. शिलाई मशीन थोरल्या सुनेला. तिची शिवण वाकडी जाते, त्यात मशीनचा दोष नाही. मागची खोली ती आहे तोवर तिची. तिला तिथून कुणी ऊठ म्हणू नये. कंपनीचे गणवेश मात्र तिने शिवू नयेत.

५. लोकरीची शाल त्या नर्सच्या आईला. पहिल्यांदा ती आली ती मला शिव्या द्यायला. पोटभर दिल्या. मी म्हटलं, "दमलीस बाई, पाणी पी." तेव्हापासून येत असते. फारसं बोलत नाही आम्ही. थंडीतही अंगावर काही न घेता येते.

६. घर धाकट्याला. हल्ली तो बूट घालताना भिंत धरतो. विचारलं की म्हणतो, "टकाटक, आई." मला नको सांगूस, मी काय तुझी सुपरवायझर आहे? त्याने माझ्या मरणाची वाट न बघता पुढची खोली आजच भाड्याने द्यावी. चक्कर येईल त्या दिवशी "आज जमत नाही" असं कंपनीत स्पष्ट सांगून घरी बसावं आणि डॉक्टर गाठावा. बायकापोरांनी खायचं काय, ही सबब या कलमाने मी काढून घेतली आहे. मालक कामावरून काढेल म्हणतोस, तर काढू दे. माणूस तपासून मग त्याच्या हाती बस देणं हे मालकाचं काम. ते तो करत नाही, म्हणून एका म्हातारीला घर खर्ची घालावं लागतंय.

७. धाकटा माझ्याआधी गेल्यास घर कुणाला, असं एक कलम घालावं लागतं म्हणे. वकीलबाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं. त्या जागी काही लिहायचं नाही. कोरी ठेवा.

वाचून दाखवलेलं सगळं ऐकलं. माझ्याच तोंडचं आहे.

डाव्या हाताचा अंगठा: सांगणारीचा

साक्षीदार: गल्लीतला इस्त्रीवाला (सही), समोरची गिरणीवाली (सही)

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली

दिनांक: सोमवार, धाकट्याच्या सुट्टीचा. तो आत झोपला आहे.