या शौनक, पान वाढलं आहे

शुक्रवार, ३ फेब्रुवारी २००६, महाड

पोचलो एकदाचा! आंबेनळीच्या घाटात दोनदा उलटी झाली, तरी पोलादपूरला उतरून वडापाव हाणलाच. सांगलीहून निघताना आईने डोळ्यांत पाणी आणलं होतं. जसा काही मी दुबईलाच निघालो होतो.

मालकीणबाई अनुपमाताई शाळेतली नोकरी सोडून दुकानदारीत पडल्यात. कुळथाचं पीठ, तांदूळ, पापड, लोणची, सगळं इंटरनेटवरून विकायचं. मुंबई-पुण्याला गेलेले महाडकर घरबसल्या मागवतील म्हणे. माल बांधायला आणि दुपारी आम्हाला जेवू घालायला उमरठकडच्या धोंडूबाई आहेत. त्यांनी आल्या आल्या मला पोळीवर पोळी वाढली. वेबसाइट मी करायची आणि राहायचं माडीवरच्या खोलीत, कॉम्प्युटरशेजारी. आपल्याला तर ही नोकरी बेहद्द आवडली.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

ताईंनी कागदावर मेनू काढून दिला, चक्क केळीच्या पानासारखा! डावीकडे लोणची आणि चटण्या, उजवीकडे पिठं आणि कडधान्यं, मधे तांदूळ, वर मधोमध मीठ. चौकटीवर माउस नेला की आतले प्रकार उघडायचे. गिऱ्हाईकाने नाव टाकलं की वर अक्षरं येणार, ‘या अमुक, पान वाढलं आहे.’ कल्पना झकास आहे. वेबसाइटच्या पानाचं जेवणाचं पान!

पण ताईंना कॉम्प्युटरचं डावं-उजवं कुठलं कळायला? बघणाऱ्याची नजर आधी डावीकडे जाते. म्हणून खपणारा माल, म्हणजे पिठं आणि कडधान्यं, मी डावीकडे घेतला. लोणची-चटण्या उजवीकडे ढकलल्या. मीठ तर काढूनच टाकलं. मीठ मागवायला इंटरनेटवर कोण तडफडतंय? चाचणीसाठी स्वतःचं नाव घातलं. दिसायला देखणं झालंय, उगाच नाही म्हणत.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

दुकान उघडलं! ताई लग्नाला पोलादपुरात, त्यांनी फोनवरूनच होकार दिला. पहिल्याच दिवशी चाळीस जणांनी पान उघडलं. एक घोळ मात्र झालाय. प्रत्येकाला स्वतःच्या नावाऐवजी माझंच नाव दिसतंय. चाळीस घरांत ‘या शौनक, पान वाढलं आहे’! आईला फोनवर सांगितलं तर ती पोट धरून हसली. उद्या दुरुस्त करतो.

सोमवार, १३ फेब्रुवारी

आमटी अळणी. धोंडूबाई शपथेवर सांगतात की मीठ घातलंय, ताईंनाही चव बरोबर लागली. मी बरणीतलं मीठ वरून घेतलं तर जिभेवर नुसती वाळू. त्यात भाजी वाढलेली डावीकडे आणि चटणी उजवीकडे. मी त्यांना म्हटलं, धोंडूबाई, तुम्हीही वेबसाइट बघितलीत वाटतं! त्या हसल्या नाहीत. स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या.

बुधवार, १५ फेब्रुवारी

नाव तीनदा बदललं. पान उघडलं की पुन्हा माझंच.

ठाण्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. हा शौनक कोण, विचारत होते. रोज दुपारी बाराला त्यांची नात ती ओळ मोठ्याने वाचते म्हणे. मी म्हटलं, मीच. ते हॅलो, हॅलो करत राहिले.

जेवताना ताईंनी धोंडूबाईंना विचारलं, आपल्याकडे तो सांगलीचा मुलगा होता, त्याचं नाव काय गं? मी समोर बसलो होतो. थट्टा असेल. पण कुणीच हसलं नाही.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

धोंडूबाईंना वर बोलावून पान दाखवलं. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण पान वाचता येतं. त्यांनी तोंडावर पदर धरला. म्हणाल्या, “ह्यो पान जित्या मानसाचा नाय रे पोरा. मीठ नाय, डावा-उजवा उलटा. असा पान पितरांना वाढत्यात.”

आणि वर मी स्वतःचं नाव घालून ठेवलंय. रोज घराघरांतून मला बोलावणं जातंय.

त्यांनी बजावलंय, आता इथला घासही खायचा नाही. खाल्लं म्हणजे बोलावणं घेतलं. आईने स्वतःच्या हाताने सुलटं पान मांडून, मीठ वाढून जेवू घातलं तर सुटशील. आईला फोन केला. सोमवारी येते म्हणाली. मला फार भीती वाटतेय.

शनिवार, १८ फेब्रुवारी

उपाशी. पाणीसुद्धा नाही.

मीठ परत घातलं, बाजू बदलल्या. पान उघडलं, होतं तसंच. तेरा वेळा केलं.

बाराला धोंडूबाईंनी ताट दाराबाहेर ठेवलं आणि हात जोडले. मी हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. त्यांनीसुद्धा —

रविवार, १९ फेब्रुवारी

ताईंनी माझी गादी गुंडाळून नेली. मी तिच्यावर निजलो होतो.

घरी फोन लावला. शेजारच्या काकूंनी उचलला. त्यांना माझा आवाज पोचत नव्हता. कुणाला तरी सांगत होत्या, वहिनी पहाटे महाडला निघतायत, रडून रडून — त्यांचा शौनक —

कट.

सोमवार, २० फेब्रुवारी. दुपारचे बारा.

आई आली. मी पाया पडलो. तिने पाय हलवला नाही.

ताई तिला सांगतायत, याच खुर्चीत बसायचा हो. बसायचा! मी बसलोय ना —

डबा उघडला. केळीचं पान. भाजी डावीकडे — आई, उलटं होतंय — चटणी उजवीकडे. मीठ नाही. ओरडलो. टेबल बडवलं. ती वाढतेय.

पुरणपोळी. तीन दिवस पोटात काही नाही.

हात जोडून बसलीय. म्हणतेय, ये रे बाळा, जेवून घे.

खायचं नाही. माहीत आहे. पण रात्रभर जागून रांधलंय तिने, ओठ सुकलेत. मी जेवल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेणार नाही, संध्याकाळपर्यंत अशीच बसेल, मी ओळखतो ना तिला — एकच घास, तिच्यासाठी, एक —