सात नंबरचं वाण

४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली माती तपासली. तुझी शंका खरी निघाली. त्या बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याचं कॅडमियम आपल्या शेतात उतरलंय. पण लगेच हातपाय गाळू नकोस. याच मातीच्या कुंड्यांत मी प्रयोगशाळेत भाताची नऊ वाणं लावली होती. आपलं जुनं वाण महिन्यातच पिवळं पडलं. सात नंबर मात्र असं हिरवंगार, की मातीत विष आहे हे त्याच्या गावीही नाही. दाण्यांची तपासणी राहिलीये, यंत्र दुरुस्तीला गेलंय. तोवर तुझी पेरणी निघून जाईल, म्हणून सात नंबरचं बियाणं सोबत पाठवते. नेहमीसारखे फाटे न फोडता ऐक.

छोटीला पापा. तुम्हा तिघांची आठवण काढणारी,
तुझी ताई


२० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सात नंबरने शेजाऱ्यांची तोंडं बंद केली! बांधाकडच्या पट्ट्यात जुनं वाण टाकलं होतं, ते खुरटं आणि पिवळं. ते आम्ही मोठी माणसं खातो. सात नंबरचा तांदूळ हिने वेगळ्या डब्यात ठेवलाय, फक्त छोटीसाठी. आपल्या घरात चांगलं ते आधी लेकरांना, हे तूच तिला शिकवलंस. छोटी दोन्ही वेळा मऊ भात खाते आणि वाटी डोक्यावर पालथी घालते. तपासणीचं काय झालं?

माया आहेच, ती वाढवत राहा.
तुझा धाकटा


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद लिहायलाही हात धजत नाही. आधी तो डबा बंद कर. छोटीला त्यातला एक दाणाही देऊ नकोस.

यंत्र आत्ता दुरुस्त झालं. सात नंबरच्या दाण्यांत कॅडमियम मर्यादेच्या कितीतरी पट आहे. ते वाण विष वर ओढतं, थेट दाण्यात भरतं आणि स्वतः मजेत राहतं. जुनं वाण ते मुळांतच अडवून धरतं आणि त्यापायी पिवळं पडतं. पंचवीस वर्षं हेच काम करतेय आणि पानांचा रंग बघून भुलले. साहेब म्हणाले, अशी चूक होते. त्यांच्या नातीच्या वाटीत नव्हता ना तो भात.

छोटीची लघवी आणि रक्त उद्याच तपासून घे. डॉक्टरांना माझा अहवाल दाखव. मला भीती वाटतेय रे, फार भीती वाटतेय.

जमलं तर क्षमा कर.
ताई


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डबा बंद केला. छोटीचे नमुने दिलेत, निकालाला आठवडा लागेल. ती खेळतेय, हसतेय, आणि आता तिचं हसणंही मला बघवत नाही. डॉक्टर म्हणाले, इतक्या थोड्या दिवसांत बाहेरून काही दिसायचं नाही.

एक गोष्ट तुला समक्ष सांगायची म्हणून लपवली होती. हिला चौथा महिना आहे. छोटीच्या वाटीत उरलेला भात रोज हीच संपवायची, टाकवत नाही म्हणून. तुझं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा ही रागावली नाही, रडलीही नाही. पोटावर हात ठेवून एवढंच म्हणाली, “ताईंना विचारा, याच्यापर्यंत पोचलं असेल का?”

लोभ आहे तसाच आहे, त्याची काळजी करू नकोस. पण याचं उत्तर पत्रातून पाठवू नकोस. तू ये.

तुझा धाकटा