पत्र्यापलीकडचा जोडीदार

३ डिसेंबर
आज कामावर रुजू झाले! तापीवरचा जुना रेल्वेपूल इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. गाडी गेली की सगळा लोखंडी सांगाडा थरथरतो आणि नंतर बराच वेळ गुणगुणत राहतो. आमच्या टोळीचं काम रिव्हेट तपासण्याचं. पत्र्याच्या एका बाजूने जोडीदार हातोडी हलकेच मारतो, दुसऱ्या बाजूने आपण रिव्हेटवर बोट ठेवायचं. रिव्हेट ढिला असेल तर बोटाला कळतं. भुसावळला आप्पांनी, तेही पुलावरचेच, मला हे शाळेत घालण्याआधीच शिकवलं होतं.

माझी जोडीदार वर्षा, अकोल्याची. मी एकेक रिव्हेट पुन्हा पुन्हा चाचपताना पाहून म्हणाली, बाई, तू पूल तपासून राहिली का नवरा? मुकादम हिलालअण्णाही हसले. नवागामच्या खोलीवर परतताना मी एकटीच हसत होते.

६ डिसेंबर
मधल्या गर्डरला हात घातला. इथला पत्रा एवढा उंच की पलीकडचं माणूस दिसत नाही. पलीकडून ठोका आला. आप्पांची शिकवण अशी, की जोडीदार दिसत नसेल तर त्याच्या ठोक्याला आपलाही एक ठोका द्यायचा, म्हणजे आपण आहोत हे त्याला कळतं. मी दिला. तिकडून लगेच पुन्हा आला. मी पुन्हा दिला. मग खालून हाक ऐकू आली. काठावर वर्षा उभी होती, दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन.

७ डिसेंबर
सांगू की नको, सांगू की नको, असं करत शेवटी अण्णांना सांगितलं. त्यांनी तंबाखू थुंकली. काय करी बठनी माय, हे काय करून बसलीस, एवढंच आधी म्हणाले. इथे त्या गर्डरवर कुणीच उलट ठोका देत नाही. लोटू नावाचा गडी तिथून नदीत पडला, तेव्हा त्याचा जोडीदार न सांगता खाली उतरला होता. तेव्हापासून लोटू ठोकतो. जो उत्तर देईल, तो त्याचा जोडीदार. मग त्याच्या शेजारी तो दुसऱ्या कुणाला टिकू देत नाही.
म्हणजे वर्षाला, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, तिचा हूक रोज तूच ओढून बघत जा.

१० डिसेंबर
वर्षाच्या कमरपट्ट्याचा हूक सुटला. माझ्या डोळ्यांदेखत, कुणी हात न लावता. ती लोंबकळली, मी मनगट धरलं. वर आल्यावर थट्टा करत होती.
हूक मीच लावला होता. ओढूनही पाहिला होता. पाहिला होता ना— पाहिलाच होता.

१२ डिसेंबर
वर्षाला दुसरी जोडी माग म्हणाले. भडकली. भुसावळच्या राणीले आमची जोडी चालत नाही का, म्हणे. खरं सांगितलं तर हसेल, आणि मुद्दाम ठोका देईल. म्हणून भांडले. तोंडाला येईल ते बोलले. ती रडत गेली.
जाऊ दे. जिवंत तर आहे—

१३ डिसेंबर
नोकरी सोडायला गेले होते. अण्णा म्हणाले, मग उरलेला पत्रा ठेकेदार वर्षालाच देईल. तिथे तो माझी वाट बघत असणार, आणि येणार ती—
नाही. मीच जाते. तेवढा पत्रा संपवेन. मग त्याला सांगून उतरेन. न सांगता नाही.

१४ डिसेंबर, सकाळ
गर्डरवर आहे. पत्रा झाला. म्हटलं, लोटूभाऊ, मी जाते आता. पलीकडून ठोका आला नाही. बरं वाटलं.
खाली वर्षा. राग गेला वाटतं, हात हलवते आहे—
माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी बघून—
ओरडते आहे. गाडी आली, काही ऐकू येत नाही—
माझा हूक मागून कुणीतरी ओढून पाहतंय. हळूच. मी वर्षाचा पाहायचे तसाच. पुन्हा एकदा— आता तो सुटतोय—