लोची ली

जबलपूर
१८ एप्रिल १९८६

प्रिय कलाबाई,

सप्रेम जयभीम. डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं तुमच्या सुनेच्या पत्रातून कळलं. पट्टी निघेपर्यंत हे पत्र तीच वाचून दाखवेल. प्रतिमा, बेटा, मोठ्यानं वाच. मधलं काही गाळू नको.

ते गाणं झालं त्या सकाळी नळाची धार अगदी बारीक होती. तुम्ही राखेनं घागर घासत होता. मी मागे सूप घेऊन तांदूळ निवडत होते. तुमचे दादा ड्यूटीवर निघायच्या आधी सायकल पुसत होते, आणि डोमाजी भाऊजी पायरीवर आरसा टेकवून दाढी करत होते. तुम्ही घासता घासता आपल्याशीच म्हणत होता,

घागर भरली, पाटी धरली,
चूल विझवून मी अक्षर शिकली.

भाऊजींचा हात थांबला. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"ताई, पुन्हा म्हण."

"काहून? गाल कापून घेशील."

"नागपूरच्या कार्यक्रमात म्हणतो. राज्य वेगळं झालं, मराठी ऐकणारे तिकडंच राहिले. इथं कोण ऐकून राहिलं?"

"घे मग. गाणं काही उष्टं होत नाही. पण तू 'शिकली' म्हणशील तर लोक हसतील. 'लो' म्हण."

आपण सगळे हसलो. तुमचे दादा तेवढे म्हणाले, "नाव सांगजो तिचं."

"सांगतो ना, दादा."

त्या एका गाण्यावर आपले भाऊजी शाहीर डोमाजी झाले.

इकडे सगळं ठीक आहे. मदन महालच्या घराला रंग दिला. दारं निळी केली, डब्यात थोडा रंग उरला आहे. शेजारच्या पार्वताबाईचे गुडघे दुखतात, पण जीभ तशीच. मी अजून दुपारी वाचत बसते. पुड्यांच्या कागदावरून सुरुवात केलेली, आता जाड पुस्तकं वाचते. वाचून वाचून मी गेले, आले असं लिहायला लागले. आपलं गेली, आली सुटलं. तुम्ही हसाल.

लग्नानंतर बालाघाटहून तुम्ही एकदाच विचारलं होतं, "डोमाजी माझं नाव घेते का?" मी लिहिलं, घेतात. मी नागपूरला जाऊन त्यांना दोनदा ऐकलं होतं. घेत नव्हते. मी ते तुमच्यासाठी लिहिलं असं समजत होते.

आता चौदा तारखेचं सांगते.

भाऊजी गेल्यावरची ही पहिली जयंती. विहाराच्या भिंतीवर ते गाणं मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवून घेतलं आहे, खाली भाऊजींचं नाव. मला पुढच्या रांगेत खुर्ची दिली. कॉलेजात शिकवणारे हेमचंद्र सर बोलले. म्हणाले, "भरली, धरली, आणि मग एकदम 'शिकलो'. हे यमक शाहिरांनी मुद्दाम मोडलं आहे. जुन्या व्यवस्थेला दिलेला तो धक्का आहे." टाळ्या पडल्या. कलाबाई, मला त्या मंडपात तुमचं हसू ऐकू आलं.

मग ते माईक घेऊन माझ्याजवळ आले. "वहिनी, गाणं तुमच्या घरी झालं. शाहिरांना कसं सुचलं, सांगा."

मी उठले. समोर भाऊजींचा हार घातलेला फोटो. मी म्हणाले, "भाऊजी सकाळी नळाजवळ बसले होते. तिथंच सुचलं."

पुन्हा टाळ्या. खांद्यावर शाल आली.

गेलेल्या माणसाची लाज राखली, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. ते खरं नाही. तुमचे दादा गेल्यापासून मला कोणी पुढच्या रांगेत बसवलं नव्हतं. शाहिराची वहिनी म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला ते आवडलं. तुमचं नाव घेतलं असतं तर सगळे तुमच्याकडे बघायला लागले असते, तुम्ही तिथं नसतानासुद्धा. तेवढंही मला देववलं नाही.

जेवणाच्या पंगतीत पार्वताबाई म्हणाली, "काय व लीला, डोमाजीनं कधी घागर उचलली होती? जेवल्यावर ताट उचलत नव्हता तो."

बाया हसल्या. मीही हसले. तिनं थट्टेत बरोबर ओळखलं होतं, आणि मी डोळ्यांनी पाहिलेलं गिळून बसले होते. ताट तसंच ठेवून मी त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. 'शिकलो' वाचलं. वाटलं, त्या अक्षरात साबण लावलेला गाल आहे, तुमच्या हाताची राख आहे, आणि वाचता येणारी मी एकटी समोर उभी आहे. पुस्तकं वाचून मी काय शिकले?

बुद्धपौर्णिमेला तुम्ही नव्या डोळ्यांनी ती भिंत बघायला येणार, असं प्रतिमानं लिहिलं आहे. याच. पण हे आधी ऐकून या. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. उतरायला पार्वताबाईचं घर आहे.

लोची ली करायला फार लागत नाही. वरची मात्रा डावीकडे वाकवून ल वर आणायची, बस.

दुसऱ्या दिवशी, सगळे वंदनेला जमले असताना, मी रंगाचा डबा घेऊन विहारात गेली, स्टुलावर चढली, लोची ली केली, आणि भाऊजींच्या नावाच्या वर तुमचं नाव लिहिलं.

तुमचीच, अजून शिकणारी वहिनी,
लीला