फेस लावल्यावरची पाच मिनिटं

दादा,

मी औषधाच्या दुकानात चालले, आज सकाळची ड्यूटी आहे. महिनाभर तो औषधी शाम्पू वापरूनही तुझ्या कॉलरवर कोंडा पडतोच आहे. का, ते मला परवा कळलं. बाथरूमबाहेर उभी राहून मी घड्याळ लावलं. फेस लावल्यापासून अर्ध्या मिनिटात तू डोकं धुऊन मोकळा! सलूनमध्ये गिऱ्हाइकांची डोकी अशी धूत असशील, पण हे औषध आहे. पाच मिनिटं डोक्यावर राहू द्यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मी बाटलीवर लिहून चिकटवलं. आता भिंतीवर कोरू का?

आणि ती फणी फेकून दे. खरवडून खरवडून कानामागे रक्त काढलंयस. हा मळ नाही, कातडीवरची बुरशी आहे, ती तेलावर पोसते. तरी काल पुन्हा तेल थापलंस! "वीस वर्षं लोकांची डोकी बघतोय" हे मला ऐकवू नकोस. स्वतःचं कधी बघितलंस?

एवढं लिहून दारापर्यंत गेले आणि परत आले. बाबा गेल्यापासून तू घटकाभर स्वस्थ बसलेला नाहीस. पाच मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं म्हटलं की समोर काय येत असेल, ते कळतं रे मला. मलाही येतं.

आज संध्याकाळी मी बाथरूमबाहेर स्टूल टाकून बसते. तू आत फेस लावून उभा राहा आणि बोलत राहा. बाबांबद्दल बोललास तरी चालेल.

छोटी