बेचाळीस नंबरचा नर

२ जानेवारी १९५६, सोमवार
आलो एकदाचे मुलुंडला. डोंगराच्या अंगाला डॉक्टर तेलंगांचा बंगला आणि मागच्या शेडमध्ये प्रयोगशाळा. चाळीस पिंजरे, चाळीस नर उंदीर. एका रानवेलीचा अर्क पाजून त्यांना पिल्लं व्हायची थांबतात का, ते बघायचं. साठ दिवस अर्क, साठाव्या दिवशी क्लोरोफॉर्म, मग अवयव काढून तोलायचे. माझ्याकडे नोंदी. जयंती खूश आहे. लग्नाला चार वर्षं झाली, आता स्वतःचं बिऱ्हाड झालं की पाळणा हलेल, अशी तिची आशा. माझीही.

डॉक्टर तिरसट आहेत. आल्या आल्या म्हणाले, आधीचा मधुकर गाढव होता, तू किती ते बघू. मग मला काट्यावर उभं केलं. दर सोमवारी नोकरांचंही वजन घ्यायची इथली रीत आहे, प्रकृतीसाठी. दुपारी मात्र स्वतःच्या हातानं ताक दिलं. जरा कडवट, पण थंडगार.

१९ जानेवारी, गुरुवार
उंदीर चावरे, आणि डॉक्टर त्यांच्याहून. गुरुवारी कपाटातून रजिस्टर निघतं, मी नक्कल करतो. आज बेचाळीस नंबरपुढे वजन ११८ दिसलं. उंदीर ११८ तोळ्यांचा? मी शहाणपणानं मध्ये टिंब दिलं. डॉक्टरांनी रजिस्टर अंगावर फेकलं.

"बेचाळीसच्या आकड्याला हात लावायचा नाही," म्हणाले.

पिंजरे तर चाळीसच आहेत. झाडलोट करणाऱ्या दत्तारामला विचारलं, तर तो खाली मान घालून झाडत राहिला.

१६ फेब्रुवारी, गुरुवार
सोमवारी काट्यावर वाकून आकडा पाहिला. एकशे चौदा पौंड. आज रजिस्टरात बेचाळीसपुढे एकशे चौदा.

ताक नको म्हटलं. डॉक्टर पेला रिकामा होईपर्यंत समोर बसले. त्यांचं ताक दुसऱ्या भांड्यातलं असतं, हे मला आज कुठे दिसलं! मला भीती वाटते.

२७ फेब्रुवारी, सोमवार
जयंतीनं नुसत्या आशेवर दुपटी शिवायला जुनं लुगडं काढलंय. तिला काय सांगू?

दत्तारामनं आज तोंड उघडलं. "साहेबानू, मधुकर साठाव्या दिवशी मागच्या खोलयेत गेलो. भायर येताना कोणी बघूक नाय."

मागच्या खोलीत फळीवर बरणी. नंबर एकेचाळीस. आत जे आहे, ते उंदराचं नव्हे — एवढं मोठं नसतं. शेजारी रिकामी बरणी. बेचाळीस.

मोजलं. जानेवारीचे तीस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस, म्हणजे माझा साठावा दिवस दोन मार्च. पुराव्याशिवाय पोलीस हसतील. गुरुवारी सकाळी रजिस्टर बाहेर येईल — तेच घेऊन पळायचं.

१ मार्च, गुरुवार
आठ वाजले. रजिस्टर टेबलावर आहे. डॉक्टर दिसत नाहीत — पुस्तक मोठं, सदऱ्याखाली मावत नाही — पान फाडू? आधी इथे उतरवतो —

बेचाळीस. नर. आजची तारीख डॉक्टरांनी आधीच घातलीय. दिवस साठ.

चुकलेत. आज एकोणसाठ. मी मोजलंय —

भिंतीवर कॅलेंडर. फेब्रुवारी यंदा एकोणतीस —

दाराला बाहेरून कडी. दत्ताराम, अरे — बाहेर त्याचा झाडू चालूच आहे.

गोड वास. मागची खोली उघडली — जयंतीला कोणीतरी सांगा, ते लुगडं फाडू नको —